नववीच्या स्पॅनिशला 'लँग्वेज ट्रान्स्फर' किती पुरतं?

अमेरिकेत हायस्कूलला जाणाऱ्या अनेक मराठी मुलांच्या वाट्याला 'स्पॅनिश वन', म्हणजे शाळेतलं पहिल्या वर्षाचं स्पॅनिश, येतं आणि पहिल्या दोन चाचण्यांनंतर घरात फुकट अ‍ॅपची शोधाशोध सुरू होते. त्यात 'लँग्वेज ट्रान्स्फर'चा 'कम्प्लीट स्पॅनिश' हा ऑडिओ कोर्स सर्वांत डोकेबाज आहे. मात्र शाळेच्या पेपरसाठी तो एकटा पुरत नाही.

मिहालिस एलेफ्थेरिऊ एका विद्यार्थ्याला शिकवतात आणि आपण ऐकतो. ९० भाग, पूर्ण फुकट, देणगीवर चालणारे, जाहिराती नाहीत. प्रश्न आला की पॉज करायचं, मोठ्याने उत्तर द्यायचं, मगच पुढे जायचं. ही अट पाळली नाही तर कोर्सचा काडीचा उपयोग नाही. बसमध्ये नुसतं कानात घालून ठेवणाऱ्या मुलांना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि वर्गात तोंड उघडत नाही.

सुरुवात इंग्रजी शब्दांपासून होते. 'कंडिशन'चं 'कोंदिसिओन', 'प्रेपरेशन'चं 'प्रेपारासिओन', त्यावरून 'प्रेपारार' हे क्रियापद. शेपटाचा 'आर' काढा, 'ओ' लावा, 'प्रेपारो' म्हणजे मी तयार करतो. पाठांतराचा तक्ता न देता रूपं तयार करायला लावणं, हीच या कोर्सची खरी कमाई. धोकाही इथेच आहे. हाच नियम 'एक्स्प्लनेशन'ला लावून मूल 'एक्स्प्लानार' लिहितं, बरोबर शब्द 'एक्स्प्लिकार'. तयार केलेला प्रत्येक नवा शब्द शब्दकोशात बघावा.

मराठी घरातल्या मुलांना दोन गोष्टी आयत्याच मिळतात, कोर्सला त्याची कल्पना नाही. 'मे गुस्ता एल लिब्रो', 'मे गुस्तान लोस लिब्रोस': इंग्रजीतून विचार करणारा इथे हमखास अडखळतो. 'मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात' म्हणणाऱ्याला क्रियापद पुस्तकाप्रमाणे का बदलतं हे सांगावंच लागत नाही. दुसरं, स्पॅनिश त आणि द दातांवरचेच. मुलं अमेरिकन सवयीने ट-ड करतात, त्यांना टोकायचं एवढंच.

आता उणीव. कोर्समध्ये लिहिणं नाही, आणि शाळेत मार्क लिहिण्यावरच जातात. 'एस्ता'चा जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'ही', शेवटच्या अक्षरावर असेल तर 'आहे'; कागदावर हा फरक फक्त वरच्या तिरक्या रेघेने कळतो. 'आन्योस' (वर्षं) लिहिताना एनवरची लाट राहिली की 'मी चौदा वर्षांचा आहे'च्या जागी गुदद्वारांची संख्या सांगितली जाते. वार आणि महिने कॅपिटल अक्षराने सुरू होत नाहीत, हेही ऐकून कळणार कसं?

शाळेच्या क्रोमबुकवर कीबोर्ड 'यूएस इंटरनॅशनल' करून घ्या. अपॉस्ट्रॉफी दाबून स्वर दाबला की रेघ येते, उजवा ऑल्ट आणि एन दाबला की लाटेचा एन. साधी अपॉस्ट्रॉफी हवी असेल तर ती दाबून स्पेस.

क्रियापदांच्या टायपिंग सरावाला 'कॉन्हुगेमोस' ही साइट बरी. फक्त वर्तमानकाळ आणि वर्गात झालेली क्रियापदंच निवडा. स्पेनमधलं 'वोसोत्रोस' (तुम्ही सगळे) बाईंनी घेतलं नसेल तर तेही काढून टाका, उगाच स्कोअर पडतो. घड्याळ, कुटुंब, कपडे, वर्गातल्या वस्तू यांच्या याद्या मात्र पाठच कराव्या लागतात. त्या करताना 'ला मानो', 'एल दीया', 'एल मापा' असे आर्टिकलसकट घोका, कारण शेवटी 'ओ' तर पुल्लिंग, 'आ' तर स्त्रीलिंग ही युक्ती नेमकी याच शब्दांत फसते.

रोज एक भाग ऐकून लगेच त्यातली पाच वाक्यं वहीत लिहून काढायची. ऐकताना काही लिहू नका, असं कोर्स स्वतःच सांगतो आणि ते योग्य आहे, वही नंतर. पुढे भूतकाळ आणि सब्जंक्टिव्ह (इच्छा-शंका दाखवणारी क्रियापदाची रूपं) सुरू होतात, ते 'स्पॅनिश वन'च्या पेपरला सहसा लागत नाहीत. तिथे थांबून मागचे भाग पुन्हा ऐकलेले बरे.