वागळे इस्टेटातले ब्रश कटरचे मिस्त्री: काम चोख, बिल तोंडी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बागेचं खातं माझ्याकडे आहे, म्हणजे माळीदादांची प्रत्येक तक्रार आधी माझ्या दारात. जुलैत कंपाउंडलगतचं गवत गुडघ्याच्या वर गेलं आणि यंदा पहिल्यांदाच बाहेर काढलेला ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं मशीन, रुसला. टू-स्ट्रोक, 43 सीसीचा, चार पावसाळे पाहिलेला. चोक लावून दोरी ओढली की फुरफुरायचा, चोक काढला की गप्प.

जिथून घेतला तिथे आधी नेला. तिथल्या माणसाने दोनदा दोरी ओढली आणि म्हणाला, "इंजिन गेलं, नवीन घ्या." झाकणसुद्धा उघडलं नाही.

मग माळीदादांच्या ओळखीने वागळे इस्टेटात गेलो. एक शटर, धड पाटी नाही, आत फवारणीचे पंप आणि चेनसॉ एकमेकांच्या अंगावर. पार्किंगचं नाव काढू नका. मिस्त्रींचं पहिलंच वाक्य, "काकू, चोकवर चालतंय ना? मग इंजिन कशाला बदलता?" चोक लावला की हवा कमी, पेट्रोल जास्त. तेव्हाच चालतं, म्हणजे एरवी पेट्रोल पुरेसं पोचत नाही.

कार्बोरेटर खोलून त्यातला डायफ्राम त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. हा पातळ पडदा मऊ हवा. आमचा भाजलेल्या पापडासारखा. पेट्रोलची नळीही टाकीत शिरते तिथे भेगाळलेली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. आम्ही तर दिवाळीपासून जूनपर्यंत मशीन भरल्या टाकीने कोपऱ्यात ठेवलेलं. चूक आमचीच.

दोरी ओढताना दाबही कमी लागत होता, म्हणून सायलेन्सर काढून टॉर्चने पिस्टन दाखवला. उभे ओरखडे नाहीत, म्हणजे तेलाची कधी कुचराई झालेली नाही. हे ऐकून माळीदादा ताठ झाले. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, आणि लिटरला 40 मिली तेल ते औषधासारखं मोजतात. पिस्टनभोवतीची रिंग मात्र झिजली होती. ती सिलिंडरमध्ये सरळ बसवून दोन टोकांमधली फट गेजने मोजून दाखवली. सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा, त्यामुळे मोटरसायकलसारखं बोअर करून, म्हणजे आतून कोरून, मोठा पिस्टन घालता येत नाही. मुलामा गेला की सिलिंडरच बदलायचा. आमचा शाबूत निघाला.

नवी रिंग बसवतानाही मी हजर होते. पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगची टोकं बरोबर तिच्या दोन्ही बाजूंना यावी लागतात. रिंग फिरली तर टोक सिलिंडरच्या खिडकीत, म्हणजे भिंतीतल्या भोकात, अडकून सगळं तुटतं. तेवढा वेळ त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. क्लचही बदलून टाका, असं मीच सुचवलं, तर म्हणाले, "अजून दोन सीझन जाईल, राहू द्या." गिऱ्हाइकाला नको म्हणणारा मिस्त्री मी ठाण्यात बऱ्याच वर्षांनी पाहिला.

हिशेब: डायफ्रामचं किट 150, नळी आणि फिल्टर 90, रिंग 180, प्लग 120, मजुरी 450. एकूण 990 रुपये. रिंग मूळ कंपनीची नाही, हे त्यांनी आधी सांगितलं आणि विचारून मगच घातली.

आता रडगाणं. "परवा या" म्हणत नऊ दिवस लावले. रिंग बाहेरून मागवावी लागणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तीनदा रिक्षाचे पैसे घातले नसते. फोन उचलत नाहीत. जुने पार्ट मागितल्याशिवाय हातात पडत नाहीत, तेव्हा मागाच. आणि पक्कं बिल नाही. सिगरेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर आकडेमोड करून तोच पुठ्ठा दिला.

मशीन तिसऱ्या ओढीला सुरू होतं, गवत साफ झालंय. आमचे खजिनदार अजून बिल मागतायत. तूर्तास मी त्यांना तो पुठ्ठा आणि कडक झालेला डायफ्राम एका पाकिटात घालून दिलाय.