डास्क, रे, स्पार्क की एमपीआय? खगोलशास्त्राच्या कोडचा सांधा कुठे जुळवायचा

समजा, नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांचा डेटा तुमच्या हाती आहे. कॅलिब्रेशन आणि इमेजिंग कासा या रेडिओ खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये होणार. प्रतिमेतले स्रोत शोधणारी पायथन स्क्रिप्ट आधीच्या विद्यार्थ्याने डास्कवर लिहून ठेवलीय. शेवटी त्या स्रोतांची गाया या अवकाश दुर्बिणीच्या यादीशी जुळणी करायचीय. तिन्हींना एकच चौकट, म्हणजे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून देणारी डास्क, रे, स्पार्क किंवा एमपीआयसारखी व्यवस्था, लावायचा मोह होतो. मी म्हणेन, त्या वाटेला जाऊ नका. चौकटी वेगळ्याच राहू द्या, त्या एकमेकींना कुठे भेटतात तेवढं ठरवा.

खरा सामना एमपीआय (प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवण्याचं मानक) आणि डास्क (पायथनची समांतर गणनेची लायब्ररी) यांच्यात आहे. कासाचं समांतर इमेजिंग एमपीआयवर चालतं. किती प्रोसेस लागणार हे सुरुवातीलाच ठरतं आणि त्या एकमेकींशी थेट बोलतात, म्हणून सतत देवाणघेवाण लागणाऱ्या गणितात एमपीआय वेगवान. पण एक प्रोसेस मेली की सहसा अख्खा जॉब आडवा होतो. डास्कमध्ये एखादा वर्कर (काम करणारी प्रोसेस) गेला, तर शेड्युलर (काम वाटणारी प्रोसेस) त्याचं काम दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतो. मात्र प्रत्येक टास्कमागे शेड्युलरचा जवळपास १ मिलिसेकंदापर्यंत वेळ जातो. हौसेने १० लाख बारीक तुकडे पाडलेत, तर नुसत्या वाटपातच सोळा-सतरा मिनिटं गेली. तुकडे १०० एमबीच्या आसपास ठेवा.

दोन्ही जोडायला डास्क-एमपीआय हे पॅकेज आहे. त्यात पहिली प्रोसेस शेड्युलर होते, दुसरी तुमची स्क्रिप्ट चालवते आणि उरलेल्या वर्कर. म्हणजे ४ प्रोसेस मागितल्यात तर राबणारे हात दोनच! यामुळे कासाचा एमपीआय कोड डास्कच्या आत शिरत नाही, एमपीआयच्या जॉबमध्ये डास्कचा क्लस्टर उभा राहतो, इतकंच.

मेझरमेंट सेट (कासा वापरतं तो निरीक्षणांच्या डेटाचा प्रकार) थेट डास्कने वाचायचा असेल तर डास्क-एमएस हे पॅकेज वापरा. त्याखालची कासाकोअर या कासाच्या पायाभूत लायब्ररीची टेबलं अनेक थ्रेडनी एकदम हाताळणं सुरक्षित नाही, ती काळजी हे पॅकेज घेतं. स्वतः थ्रेड लावून टेबल उघडायला गेलात तर घोडं तिथेच पेंड खाणार.

रे मला आवडतं ते एका गोष्टीसाठी: एकाच नोडवरच्या (क्लस्टरमधल्या एका मशीनवरच्या) प्रोसेस मोठा नमपाय ॲरे (पायथनमधली आकड्यांची मांडणी) कॉपी न करता सामायिक मेमरीतून वाचू शकतात. पण तो ॲरे फक्त वाचण्यापुरता असतो. जुन्या कोडमध्ये ॲरेवर जागच्या जागी बदल करणाऱ्या ओळी असतील तर तिथे एरर येते. डास्कचा ग्राफ (कामांचा आराखडा) रेवर चालवायची सोय आहे, म्हणून डास्कवरून रेवर जाताना सगळं नव्याने लिहावं लागत नाही.

स्पार्क याद्यांसाठी. वॉशिंग्टन विद्यापीठातून २०१९ मध्ये आलेलं एएक्सएस स्पार्कवरच यादी-जुळणी करतं, आणि क्षणिक घटनांच्या सूचना चाळणारं फिंकही स्पार्कवर उभं आहे. प्रतिमांच्या त्रिमितीय क्यूबसाठी मात्र स्पार्क अवघडलेला वाटतो. गायाच्या तिसऱ्या डेटा रिलीजमध्ये १८० कोटींहून जास्त स्रोत आहेत. पण तुमचे काही हजारच असतील, तर त्यासाठी स्पार्क उभा करणं अतिच. आकाशाचे हीलपिक्स पद्धतीने सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे करून यादी पार्के या फाइल-प्रकारात ठेवणारं एलएसडीबी हे पॅकेज डास्कवर चालतं, ते बघा.

आणि एका म्यानात दोन तलवारी नकोत. ६४ कोअरच्या नोडवर १६ वर्कर, प्रत्येकाच्या आतली गणिताची लायब्ररी ६४ थ्रेड उघडते, म्हणजे १,०२४ थ्रेड आणि गोगलगायीची चाल. डास्क किंवा रे वाटप करत असेल, तर ओपनएमपी (थ्रेड उघडणारी यंत्रणा) आणि ब्लास (मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी) यांचे थ्रेड १ वर आणा.

तुमच्यासाठी मी असं लावेन: स्लर्म या क्लस्टरवर जॉब लावणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका जॉबमध्ये कासा, तो यशस्वी झाल्यावरच सुटणाऱ्या दुसऱ्या जॉबमध्ये डास्क. दोघांच्या मधे फिट्स (खगोलीय प्रतिमांचा फाइल-प्रकार) क्यूब, चॅनेलनिहाय (वारंवारतेनुसार) तुकडे पाडून झार या तुकड्यांत साठवणाऱ्या प्रकारात बदललेला. स्रोतांची यादी पार्केमध्ये, जुळणी एलएसडीबीकडे. पुढे प्रत्येक पिक्सेलचा स्पेक्ट्रम काढायची वेळ आली, तर झारचे तुकडे वेगळ्या दिशेने पाडावे लागतील, त्यासाठी डिस्कवर जागा आत्ताच मागून ठेवा.