ऑनलाइन विक्रीचं तंत्र शिकायचंय: महिन्याच्या भाड्याची तयार सेवा की आपल्याच लॅपटॉपवर वूकॉमर्स?

सोलापुरात हा प्रश्न मला दोन प्रकारची मंडळी विचारतात. काहींच्या घरी चादरी-टॉवेलचा नाहीतर शेंगा चटणीचा धंदा असतो आणि माल परगावी विकायचा असतो. बाकीच्यांचं बीसीए किंवा बीकॉम झालेलं असतं आणि याच कामात नोकरी हवी असते. मी दोन्ही वाटांनी गेलोय. डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवे म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच पुढचं लिहितोय.

तयार सेवा म्हणजे महिन्याला भाडं घेऊन ऑनलाइन दुकान मांडून देणाऱ्या कंपन्या, शॉपिफाय आणि त्या जातीच्या बाकी सगळ्या. शॉपिफाय 2006 पासून आहे. वूकॉमर्स हे दुकान मांडायचं सॉफ्टवेअर 2011 चं, वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर बसणारं, फुकट मिळणारं आणि आतला सगळा कोड उघडा असलेलं. मी वापरलेली तयार सेवा शॉपिफाय नव्हती. तिचं नाव सांगत नाही, कारण माझा मुद्दा एका कंपनीबद्दल नाही.

तयार सेवेच्या बाजूने आधी बोलतो, कारण तिचं श्रेय खरंच मोठं आहे. अशोक चौकाकडच्या एका मित्राच्या चादरीच्या दुकानासाठी मी ती घेतली आणि दुकान फार लवकर उभं राहिलं. सर्व्हर, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, बॅकअप, कशातच लक्ष घालावं लागलं नाही. त्यामुळे सगळा वेळ मालावर देता आला. सिंगल-डबल आणि रंग यांचे व्हेरिएशन कसे लावायचे, एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाच्या प्रकाराचा आकडा, कुठे भरायचा, फोटोत विणीचा पोत कसा दिसेल, हे तिथेच नीट शिकलो. कुरिअरचंही तसंच. चादर काट्यावर भरते त्यापेक्षा पार्सलमध्ये जास्त जागा खाते, आणि कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून काढलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. घडी घट्ट बसवली की खर्च उतरतो. हे शिकायला कोड लागत नाही.

वूकॉमर्सची सुरुवात त्यामानाने रुक्ष आहे. आधी झॅम्प, म्हणजे लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर, टाका, डेटाबेस तयार करा, मग वर्डप्रेस, मग वूकॉमर्स. प्लगइनची, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पुरवणीची, आवृत्ती जुळली नाही की पान पांढरं फटक. नवशिक्याचे दोन-चार दिवस यातच जाऊ शकतात आणि घरचे विचारतात, दुकान कुठंय? या बाबतीत तयार सेवा सरळ पुढे आहे.

पण माझं घोडं अडलं ते एकाच जागी. पुण्याच्या एका ताईंनी डबल चादरी मागवल्या, यूपीआयने पैसे भरले, त्यांच्या खात्यातून ते गेलेही. आमच्या डॅशबोर्डवर मात्र ऑर्डर पेंडिंग. ताईंचे फोन सुरू झाले, आणि ते साहजिकच होतं. सेवेला विचारलं तर म्हणाले गेटवेला विचारा. गेटवे म्हणाला, पैसे आल्याचा निरोप आम्ही दुकानाला पाठवलाय. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतील. पण निरोप पोचला का, पोचून नाकारला गेला का, की वाटेतच राहिला, हे मला बघता येत नव्हतं. माझ्या प्लॅनमध्ये ती नोंद उघडायची सोयच नव्हती. ऑर्डर हाताने पुढे सरकवली, पार्सल गेलं, ताई समाधानी झाल्या. मी मात्र नाही. असं पुन्हा दोनदा झालं आणि दर वेळी हेच: फोन, स्क्रीनशॉट, वाट बघणं. शिकायला बसलेल्या माणसाला याहून त्रासदायक काही नसेल, कारण ऑनलाइन विक्रीतला सगळ्यात महत्त्वाचा धडा नेमका त्या बंद जागेत होता.

तोच प्रसंग मी वूकॉमर्सवर मुद्दाम घडवून आणला. गेटवे टेस्ट मोडमध्ये ठेवला. रेझरपेसारखे गेटवे अशी सोय देतात, खरा पैसा हलत नाही. पैसे भरले आणि ब्राउझर लगेच बंद केला. मोबाइलवर गिऱ्हाईक अगदी हेच करतं: यूपीआयच्या ॲपमध्ये जातं, पिन टाकतं आणि दुकानाच्या पानावर परत येतच नाही. म्हणून ब्राउझरच्या भरवशावर राहता येत नाही. गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट निरोप धाडतो, तो वेबहुक. घरचा लॅपटॉप बाहेरून दिसत नाही, तेव्हा त्यासाठी एनग्रॉकसारखं साधन वापरून बाहेरून लॅपटॉपपर्यंत यायचा बोगदा उघडावा लागतो. मी तो बंद ठेवला: ऑर्डर पेंडिंग. उघडला आणि पुन्हा पैसे भरले: लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, निरोप आला, तो गेटवेचाच आहे ना यासाठी त्याची डिजिटल सही तपासली गेली, ऑर्डर प्रोसेसिंगला गेली, साठ्यातली एक चादर कमी झाली. रक्कम रुपयांत नाही, पैशांत येते हेही तिथेच दिसलं, 1,250 रुपयांच्या जागी 125000. शिवाय एकच निरोप दोनदा येऊ शकतो. तेव्हा साठा दोनदा कापला जाऊ नये याची काळजी कोडलाच घ्यावी लागते. ताईंच्या ऑर्डरचं काय झालं असेल, याचा अंदाज मला तेव्हा बांधता आला.

असंच कार्टचं, म्हणजे खरेदीच्या टोपलीचं. सर्व्हरला आधीचं गिऱ्हाईक आठवत नाही, म्हणून 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुलीने कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवायची छोटी नोंद, काढली, आणि ती खरेदीच्या टोपलीसाठीच. तयार सेवेतही कुकी ब्राउझरमध्ये दिसते. पण वूकॉमर्समध्ये दुसरी बाजूही दिसते. पीएचपीमायअ‍ॅडमिन हे डेटाबेस बघायचं साधन उघडायचं, सेशन्सचं, म्हणजे चालू भेटींच्या नोंदींचं, टेबल बघायचं, तिथे आपली चादर ओळीत बसलेली असते. लॉगिन न करता टोपली भरा, कुकी पुसा आणि पान ताजं करा, टोपली रिकामी. एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी. यूट्यूबवरचे बरेच जुने धडे ऑर्डर पोस्ट्सच्या, म्हणजे वर्डप्रेसच्या लेखांच्या, टेबलात शोधायला सांगतात. वूकॉमर्सच्या 8.2 या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर 2023 पासून, नव्या इन्स्टॉलमध्ये ऑर्डरसाठी वेगळी टेबलं आहेत. तिथे बघा, नाहीतर ऑर्डर हरवली असं वाटेल. क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी एवढंच विचारा की वेबहुक आणि डेटाबेस शिकवणार का. नुसती थीम बदलायला क्लासची गरज नाही.

आता कुणी काय घ्यावं? गड्ड्याच्या यात्रेआधी माल विकायला काढायचाच असेल, तर तयार सेवा घ्या आणि मनात किंतु ठेवू नका. धंदा आधी. नोकरीसाठी किंवा पुढे दुसऱ्यांची दुकानं उभी करून देण्यासाठी शिकत असाल, तर माझा कल वूकॉमर्सकडे आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, तयार सेवांचे वरचे प्लॅन जास्त काही दाखवतही असतील. तरी लॅपटॉपवर एक चादर, एक टॉवेल आणि चटणीची एक बरणी एवढंच दुकान मांडून बघा. पैसे न भरता एक ऑर्डर अर्धवट सोडा. साठा राखून ठेवायची मुदत मुळात 60 मिनिटांची असते, ती संपल्यावर ऑर्डर आपोआप रद्द होते. पण वर्डप्रेसचं हे वेळापत्रक कुणी साइट उघडली तरच हलतं, तेव्हा तासाभराने पान एकदा उघडा आणि मग ऑर्डरच्या टेबलात स्थिती बदलली का ते तपासा.