दोन सॅक, एक कंबर

ट्रेकसाठी नवी सॅक घ्यायची म्हणून चौकशी करणाऱ्यांची गाडी हल्ली एकाच ठिकाणी अडते. एकीकडे नावाजलेल्या, पण अलीकडे मालक बदललेल्या ब्रँडची हलकी, जाळीच्या पाठीची सॅक. दुसरीकडे छोट्या कंपनीची थोडी जड, फोमच्या पाठीची, दिसायला अगदीच साधी. दोन्ही 55 लिटरच्या आसपास, चार-पाच दिवसांचं सामान मावणाऱ्या. दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही घेऊन मी भरपूर चाललो आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एका माणसाच्या एका सॅकवरून अख्ख्या कंपनीचा निकाल लावणं मला पटत नाही. सोयीसाठी एकीला ‘हलकी’ म्हणू, दुसरीला ‘जड’.

हलकी मी विकत घेतलेली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याच ब्रँडची जुनी सॅक माझ्याकडे 11 वर्षं होती. दोनदा दुरुस्तीला गेली आणि दोन्हीदा नीट होऊन आली. शेवटी कमरेच्या पट्ट्यातला फोम पार बसला, आतलं कोटिंग सुटून कपड्यांवर कोंड्यासारखं पडायला लागलं, तेव्हा तिसऱ्यांदा पाठवली. मधल्या काळात ब्रँड विकला गेला होता. दोन दिवसांत उत्तर आलं, अतिशय गोड भाषेत: दुरुस्ती शक्य नाही, त्याच मॉडेलची नव्या पिढीतली सॅक विनामूल्य पाठवतो. कोण नाही म्हणेल? मीही ‘हो’ म्हणालो. जुनी परत मागायला हवी होती, ते मात्र सुचलं नाही.

ब्रँड विकला गेला की सगळं बिघडतंच, असं मी म्हणणार नाही. या धंद्यात खरेदी-विक्री नवी नाही. डॉयटर ही 1898 सालची जर्मन कंपनी गेली बरीच वर्षं स्टॅबिलो पेनं बनवणाऱ्या समूहाच्या मालकीची आहे. ग्रेगरी 2014 मध्ये सॅमसोनाइटकडे गेली. 1974 साली सुरू झालेली ऑस्प्रे 2021 च्या अखेरीस हेलन ऑफ ट्रॉय या घरगुती वस्तूंच्या समूहाने घेतली. सॅक बनवणाऱ्या डाना ग्लिसन यांची गोष्ट तर मजेशीर आहे. डाना डिझाइन ही त्यांची कंपनी 1995 मध्ये के-टू या स्की बनवणाऱ्या कंपनीकडे गेली, 2000 मध्ये त्यांनी मिस्टरी रँच उभी केली आणि 2024 मध्ये तीही यती या कूलर बनवणाऱ्या कंपनीने घेतली. म्हणजे ‘न विकला गेलेला ब्रँडच घ्यायचा’ असं ठरवलंत तर पर्याय फार उरणार नाहीत. माझी ‘जड’वाली कंपनी अजून तिच्या मूळ मालकांकडे आहे. उद्याचं कोण सांगणार?

आता पाठीवर काय वाटतं ते.

पहिल्या तासात हलकी जिंकते, यात वादच नाही. ताणलेली जाळी पाठीला टेकते, सॅकचं अंग तिच्या मागे दोन बोटं लांब राहतं, मधून वारा खेळतो. घाम येतोच, पण शर्ट पाठीला चिकटत नाही. रिकामी उचलून पाहिली तर जडपेक्षा जवळजवळ अर्धा किलो कमी भरते. दुकानात घालून आरशात पाहणाऱ्याला हीच आवडणार. मलाही आवडली होती.

जाळीच्या पाठीची किंमत मोजावी लागते ती सामान वाढल्यावर. सॅक पाठीपासून लांब, म्हणजे वजनही लांब. आठ-नऊ किलोपर्यंत ते जाणवत नाही. बारा-तेरा झाले की उतारावर कुणीतरी मागून हलकेच ओढतंय असं वाटत राहतं. शिवाय जाळीला वाव मिळावा म्हणून फ्रेम वाकवलेली असते, त्यामुळे आतली जागाही पाठीकडून वाकडी होते. तंबूचं पुडकं उभं घालायचं तर कोपऱ्यात उगाच पोकळी राहते.

जडच्या पाठीला फोम आणि आत अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या. त्या काढून गुडघ्यावर ठेवून आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवता येतात. मी दोनदा वाकवल्या, दुसऱ्यांदा जमलं. घाम मात्र पुरेपूर. दुपारी सॅक उतरवली की पाठीवर तिचा अख्खा नकाशा उमटलेला असतो. उष्ण, दमट हवेत चालणाऱ्याने याचा विचार जरूर करावा. मला ओल्या पाठीचं विशेष वाटत नाही, म्हणून माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं आहे, हे ध्यानात ठेवा.

पाठीची लांबी मात्र दोन्ही सॅकसाठी आधी मोजून घ्या. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. माझी तशीच आहे.

आता कमरेच्या पट्ट्याकडे येतो. खरं तर निवड तिथेच झाली.

सॅकचं बहुतेक वजन कमरेवर यायला हवं, खांद्यांनी फक्त ती पाठीशी धरून ठेवायची, हे चालणाऱ्याला सांगायला नको. हलक्या सॅकचा कमरेचा पट्टा मऊ आहे, आकार छान आहे, खिसे मोठे आहेत. पण तो सरकतो. सुटत नाही, तुटत नाही, नुसता सरकतो. बकलमधली नायलॉनची पट्टी चालता चालता नकळत ढिली होते. दर वेळी किती, ते मी मोजलेलं नाही. दोन वळणं गेली की खांदे भरून यायला लागतात, मग लक्षात येतं की कंबर मोकळी झाली आहे. हात खाली, खेच, पुढे चला. पुन्हा दोन वळणं. संध्याकाळपर्यंत हे किती वेळा झालं ते मोजायचा मी एकदा प्रयत्न केला आणि तिसाच्या पुढे सोडून दिला.

जुन्या सॅकमध्ये हे कधी झालं नव्हतं. तिची पट्टी जाड, खरबरीत होती. नवीची पातळ आणि गुळगुळीत आहे. बकल पट्टी धरतं ते घर्षणावर आणि पट्टीला पडलेल्या मोडीवर. पट्टी पातळ झाली की दोन्ही कमी होतात, भिजली की आणखी. पट्टी नेमकी का बदलली असेल? वीस-पंचवीस ग्रॅम वाचवायला, की दुसऱ्या कुठल्या मालाशी एकच पट्टी वापरता यावी म्हणून? हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

उपाय करून पाहिले. बकलच्या मागे गाठ मारली, तर ती पोटात रुतायची. पट्टीवर जाड दोऱ्याचे आडवे टाके घातले, त्याने चार दिवस बरे गेले. बकल बदलावं म्हटलं, तर ते कायमचं शिवून टाकलेलं, उसवल्याशिवाय निघत नाही. जडच्या पट्ट्याची तऱ्हा उलटी: पट्टी रुंद आणि बोटांना नकोशी वाटावी इतकी राठ, घट्ट करायला थोडा जोर लागतो, पण सकाळी ओढली की दुपारच्या जेवणापर्यंत तिला हात लावावा लागत नाही. बकलच्या दांडीला फट ठेवलेली आहे, तुटलं तर सुईदोऱ्याशिवाय वाटेतच नवीन बसवता येतं.

ही तक्रार कस्टमर केअरला सांगणं म्हणजे दातदुखी फोनवरून समजावण्यासारखं होतं. हलकीवाल्यांचं उत्तर याही वेळी लगेच आलं. फोटो मागितले, टॅगवरचा नंबर मागितला, सॅक धुऊन पाठवा म्हणाले. सॅक तीन आठवड्यांनी परत आली. सोबत छापील चिठ्ठी: तपासणी केली, दोष आढळला नाही, पुढील खरेदीवर सवलत. त्यांच्या टेबलावर खरंच आढळला नसेल. रिकाम्या सॅकचा पट्टा कशाला सरकेल? आयुष्यभराची हमी असते ती फाटण्यावर आणि तुटण्यावर. सरकण्याला त्यात रकाना नाही.

जडवाल्यांची सेवा संथ आहे, हे मोकळेपणाने सांगतो. पहिल्या ईमेलला उत्तर यायला नऊ दिवस लागले. माझी तक्रार होती की डावा खांदा दुखतो. त्यांनी पावती मागितली नाही. म्हणाले, सामान भरून सॅक घाला आणि बाजूने काढलेला एक फोटो पाठवा. फोटो पाहून लिहिलं की पाठीची लांबी तुम्ही एक घर जास्त ठेवली आहे, खांद्यावरच्या ओढपट्ट्या (खांद्यापासून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या) जवळजवळ आडव्या झाल्या आहेत, त्या साधारण 45 अंशांत वर जायला हव्यात. एक घर खाली घेतलं. खांदा दुखायचा थांबला. पुढे खालच्या बाजूची शिवण उसवली, तेव्हा दुरुस्तीला सहा आठवडे गेले, तेही ऐन हंगामात. ज्याच्याकडे एकच सॅक आहे त्याला हे परवडणारं नाही. तशांसाठी पटकन बदलून देणारी कंपनीच बरी, असं म्हणायला जागा आहे.

टिकाऊपणात फार फरक सापडला नाही. अंदाज चुकला म्हणायचा. हलकीचं कापड 210 डेनिअर, जडचं 420. डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जडचा धागा सरळ दुप्पट भारी. तरी दोन वर्षांत हलकी कुठे फाटली नाही. बाहेरचा ताणाचा खिसा काट्यांनी ओरबाडला, एवढंच. चेन दोन्हींच्या ठीक आहेत. चेनचे दात सहसा जात नाहीत, रनर झिजतो, आणि तो पकडीने हलकेच दाबला की पुष्कळदा आणखी वर्षभर चालतो. कोटिंगचं मात्र दोन्हीकडे सारखंच भविष्य आहे. पॉलियुरेथेनचा थर दमट जागी वर्षानुवर्षं राहिला की चिकट होतो आणि सुटतो, लेबल कुणाचंही असो. धुऊन, पूर्ण वाळवून, मोकळ्या हवेत टांगून ठेवा.

तर कोणती घ्यावी? तुमचं सामान नऊ-दहा किलोच्या आत राहत असेल, हवा गरम असेल, तर हलकी वाईट नाही. फक्त दुकानात रिकामी घालून ठरवू नका. बारा किलो भरून, पट्टा आवळून, वीस मिनिटं जिने चढा-उतरा आणि मग पट्टीवर पेनाने केलेली खूण जिथल्या तिथे आहे का पाहा. खूण हलली नाही तर खुशाल घ्या. माझं विचाराल तर मी पुढच्या लांबच्या वाटेसाठी जडच भरून ठेवली आहे.

हलकी सध्या भाचीकडे असते. पट्टा सरकतो का, असं विचारलं तर म्हणाली, ‘छे मामा, मस्त आहे.’ कमरेकमरेत फरक असतो, तेव्हा असेलही. गेल्या खेपेला दिवसभर तिच्या मागून चाललो. चढ संपेपर्यंत तिचा हात पाच-सहा वेळा खाली जाऊन पट्टी ओढून आला. बोलण्याच्या नादात तिच्या ते लक्षात आलं नसावं. मी काही बोललो नाही.