३५ की ५०? कारागिराच्या जागेत फोटो काढायला कोणती लेन्स घ्यावी

माणसाचा फोटो त्याच्या जागेसकट काढायचाय. विणकर मागावर बसलेला, तांबट ऐरणीपाशी, तंबोरा करणारा भोपळ्यांच्या राशीत. बघणाऱ्याला हा माणूस कोण, दिवसभर कशात रमतो, हातातलं काम कसं धरतो हे न सांगता कळलं पाहिजे. याला एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेट म्हणतात. त्यासाठी एकच लेन्स घ्यायची तर ३५ मिलिमीटर घ्यावी की ५०, हा प्रश्न मला नव्याने कॅमेरा घेतलेली मंडळी वरचेवर विचारतात. हा आकडा जितका लहान तितकी जास्त जागा चौकटीत मावते.

माझं उत्तर आधीच सांगतो. जागा लहान असेल तर ३५, आणि आपल्याकडच्या कारागिरांच्या जागा बहुतेक लहानच असतात. पण ५० घेणारा चुकतो असं मी म्हणणार नाही. काही माणसांसाठी आणि काही स्वभावांच्या छायाचित्रकारांसाठी तीच बरी.

एक खुलासा लगेच करायला हवा, कारण इथे बरेच जण फसतात. हे आकडे फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचे आहेत. तुमच्याकडे लहान सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी कॅमेरा असेल तर ३५ च्या जागी साधारण २३ किंवा २४ वाचा आणि ५० च्या जागी ३५. दुकानदार ‘पोर्ट्रेटला फिफ्टीच घ्या’ म्हणतो, आपण ती लहान सेन्सरवर लावतो आणि हातात पडते ती ७५ ते ८० सारखी चालणारी लेन्स. तिच्यातून चेहरा सुंदर येतो, जागा मात्र येत नाही.

मिरजेत मला हा फरक पहिल्यांदा नीट कळला. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण हे काम तिथे दीडशेहून जास्त वर्षं चाललंय. शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावायचं सोडून वाद्यं करायला घेतली, तिथून ही परंपरा सुरू झाली. मी गेलो होतो ती खोली असेल दहा बाय बारा फुटांची. भिंतीला गळ्याकडून टांगलेले अर्धवट तंबोरे, कोपऱ्यात पंढरपूरकडून आलेल्या सुक्या भोपळ्यांची उतरंड, जमिनीवर लाकडाचा भुसा. मधोमध मांडीवर तंबोरा घेऊन जवारी काढत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवत बसलेले एक वयस्क कारागीर. कानशीने घोडीवरून एक हलका हात फिरवायचा, तार छेडायची, सुती दोरा तारेखाली केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. मान डावीकडे कललेली, डोळे मिटलेले, आख्खा माणूस कानात गोळा झालेला.

माझ्या कॅमेऱ्यावर ५० होती, छिद्र एफ १.८ ला उघडं (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि मागचं धूसर). फोटो काढले आणि खूश होऊन घरी आलो. मोठ्या पडद्यावर पाहिलं तर चेहरा अप्रतिम, आणि मागे तपकिरी धुकं. भोपळे नाहीत, टांगलेले गळे नाहीत, मांडीवरचा तंबोरा छातीपाशी कापलेला. तो माणूस बँकेच्या रांगेत उभा असता तरी तसाच दिसला असता. सगळी खोली माझ्यासमोर होती आणि मी ती पुसून टाकली होती, याची रुखरुख आजही आहे.

हे का झालं ते साध्या हिशेबात बसतं. माणूस दोन मीटरवर असेल तर ३५ च्या आडव्या चौकटीत त्याच्या अंतरावरची साधारण २ मीटर रुंदी मावते. ५० मध्ये १.४५ मीटर, ८५ मध्ये जेमतेम ८५ सेंटिमीटर. मांडी घालून बसलेला माणूस आणि त्याच्या मांडीवर आडवा तंबोरा यांनाच दीड मीटर लागतो. म्हणजे ५० मध्ये तंबोऱ्यापलीकडे काही उरतच नाही. ३५ एवढी चौकट ५० ने हवी असेल तर जवळजवळ ३ मीटरवर जावं लागतं, आणि दहा फुटांच्या खोलीत ३ मीटर म्हणजे पाठ भिंतीला. मागे भिंत आली की लेन्सची निवड तुमची राहत नाही, खोलीच ती करून टाकते.

दुसरा हिशेब खोलीचा, म्हणजे किती अंतरापर्यंतचं स्पष्ट येतं याचा. माणूस दोन मीटरवर, छिद्र एफ ४. अशा वेळी ५० मध्ये सुमारे ४० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, तर ३५ मध्ये सुमारे ८०. तेवढाच पट्टा ५० ने मिळवायला एफ ८ पर्यंत बंद करावं लागतं, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांश. ३५ वर आयएसओ (प्रकाश टिपण्याची क्षमता) १६०० ला जे निभतं त्याला ५० वर ६४०० लागतं. अशा खोल्यांत एक दार आणि एक ट्यूबलाइट एवढाच उजेड असतो, तिथे हा फरक फोटोच्या दाण्यांत दिसतो. माझ्या मते ३५ च्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच, आणि तो कुणी फारसा बोलत नाही. सगळी चर्चा मागचं किती धूसर होतं याचीच. इथे मागचं धूसर व्हायला नकोय. भोपळा भोपळा म्हणून ओळखू आला पाहिजे, किंचित मऊ झाला तरी चालेल.

आता ५० ची बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो. ३५ चुका पोटात घालत नाही. माणूस चौकटीच्या कडेला गेला की डोकं ताणल्यासारखं दिसतं. एक मीटरच्या आत शिरलात तर नाक पुढे येतं आणि कान मागे जातात. हा दोष तसा लेन्सचा नाही, अंतराचा आहे. पण ३५ तुम्हाला त्या अंतरात ओढते. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हातोडा चालवणाऱ्या माणसाचा फोटो ३५ ने जवळून घ्या, पुढचा हात डोक्याएवढा मोठा येतो. कधी तेच हवं असतं, कारण त्या कामात हातच सगळं काही असतो. पण न ठरवता तसं झालं तर घरच्यांना तो फोटो आवडत नाही, आणि मला घरच्यांचं मत महत्त्वाचं वाटतं.

५० मध्ये पसारा आपोआप कमी होतो. ३५ मध्ये कॅलेंडर येतं, स्विचबोर्ड येतो, पाण्याची निळी बाटली येते, मोबाइलचा चार्जर लोंबतो. यातलं काय ठेवायचं आणि काय पाऊलभर सरकून बाहेर काढायचं हे क्षणाक्षणाला ठरवावं लागतं. कॅलेंडर अनेकदा ठेवावं, त्यातून वर्ष कळतं. चार्जर बाहेर. ज्यांना इतकं सगळं एकदम बघायची सवय नाही त्यांना पहिलं वर्षभर ५० शांत वाटेल. लाजरी माणसंही असतात. दीड मीटरवर काचेचा डोळा रोखला की त्यांचे खांदे वर जातात. त्यांना अडीच-तीन मीटरचं अंतर दिलं, बाहेर ओसरीवर किंवा अंगणात बसवलं, की ५० ने फार सुंदर फोटो येतात. शेतकरी, कोळी, धनगर, ज्यांची जागा म्हणजे उघडं आभाळ, त्यांच्यासाठी मीही ५० काढतो. मागे जायला रान मोकळं असतं.

जर्मनीतल्या कोलोनच्या आउगुस्ट झांडर या छायाचित्रकाराने १९२८ साली एका पेस्ट्रीवाल्याचा फोटो घेतला. पांढरा डगला, हातात मोठं भांडं, नजर थेट समोर. तो डोक्यापासून पायापर्यंत सरळ उभा आहे आणि त्याला कुठेही ओढाताण नाही. ज्यांना असा ठाम, स्थिर माणूस हवा आहे त्यांचा ओढा ५० कडे राहील, आणि ते बरोबरच आहे.

याउलट छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमनने १९४६ साली घेतलेला संगीतकार स्ट्राविन्स्कीचा फोटो बघा. उघड्या पियानोचं काळंभोर झाकण चौकटीचा बहुतेक भाग व्यापून आहे आणि स्वतः स्ट्राविन्स्की खाली डाव्या कोपऱ्यात डोकं हाताला टेकून बसलेला. ज्या ‘हार्पर्स बझार’ मासिकाने तो काढून घेतला त्यांनीच तो छापला नाही, आणि पुढे न्यूमनची ओळख त्याच फोटोने झाली. या फोटोची एक गोष्ट आपल्या निवडीशी थेट जोडलेली आहे: न्यूमनने मूळ निगेटिव्हचा बराच भाग कापून ही चौकट शोधली. रुंद घ्या, नंतर कापा, हा मार्ग ३५ वाल्याला उघडा असतो. २४ मेगापिक्सेलचा ३५ ने घेतलेला फोटो ५० एवढा कापला तरी जवळपास १२ मेगापिक्सेल उरतात. आठ बाय बारा इंचाच्या चांगल्या प्रिंटला तेवढे पुरतात. उभं राहण्याची जागा तीच असल्यामुळे चेहऱ्याचं प्रमाणही ५० सारखंच येतं. ५० ने घेतलेल्या फोटोत मात्र बाहेर राहिलेला भोपळा कशानेच परत आणता येत नाही.

येवल्याच्या पैठणीच्या मागावर तर ५० मला पूर्णच अडली. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, ताणा, म्हणजे उभे धागे, समोर लांबवर पसरलेला, पदराच्या जागी रंगीत कांड्यांचा झुबका लोंबत असतो. माग, ताणा, हात आणि चेहरा एकत्र यायचे तर बाजूने, खाली वाकून आणि जवळूनच घ्यावं लागतं. ३५ मध्ये ताण्याचे धागे कडेकडून चेहऱ्याकडे धावत येतात, बघणाऱ्याची नजर आपोआप तिथे पोचते. ५० ने एक तर माग मिळाला किंवा माणूस.

उजेडाबाबत दोघींत फारसा फरक नाही. दाराचा उजेड बाजूने घ्यावा, फ्लॅश शक्यतो बॅगेतच राहू द्यावा. जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर फोटोत पट्टे येतात.

किमतीत ५० सरळ जिंकते. जवळपास प्रत्येक कंपनीची ५० एफ १.८ ही सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते, ३५ साठी बरेच जास्त मोजावे लागतात. वजनातही तसंच. कॅननच्या आरएफ मालिकेतली ५० एफ १.८ फक्त १६० ग्रॅमची, ३५ एफ १.८ ची ३०५ ग्रॅमची. पण त्याच ३५ ला हात हलण्यावर उपाय म्हणून स्टॅबिलायझर आहे आणि ती १७ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. घोडीवर कानस फिरवणारी बोटं, नखात अडकलेला भुसा, हे त्याच लेन्सने मिळतं. ५० ची मर्यादा ३० सेंटिमीटर. निकॉनवाल्यांसाठी ४० एफ २ हा मधला रस्ता आहे, १७० ग्रॅमचा आणि खिशाला परवडणारा. ज्यांचं मन खरंच दोन्हीकडे ओढतं त्यांना मी तोच सुचवतो.

मोबाइलवर काढणार असाल तर मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ असतो, म्हणजे ३५ हूनही रुंद. थोडा झूम करून १.४ पटीच्या आसपास आणा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो मोड तंबोऱ्याच्या तारा आणि मागावरचे धागे यांना पार्श्वभूमी समजून अर्धवट खाऊन टाकतो, आणि नेमक्या त्याच गोष्टींसाठी आपण तिथे गेलेलो असतो.

मिरजेला मी दुसऱ्यांदा ३५ घेऊन गेलो. दाराशी उभा राहून चौकट जुळवत होतो तर ते कारागीर म्हणाले, “बसा की खाली. उभं राहून काय दिसणार?” बसलो. कॅमेरा त्यांच्या कानाच्या उंचीवर आला आणि सगळी खोली जागेवर बसली. उभ्याने ३५ लावली की बसलेल्या माणसाचं डोकं मोठं आणि पाय बारके येतात, हे मला पुस्तकी माहीत होतं. गुडघे टेकायला मात्र त्यांनीच सांगावं लागलं. तासभर बोलत बसलो तेव्हा फोटो झाले. दीड मीटरवरून गप्प बसून फोटो काढताच येत नाहीत. ज्यांना अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं त्यांना हा ३५ चा गुण वाटेल. ज्यांना अवघड जातं त्यांनी हे आधी मनाशी तपासून घ्यावं, कारण पुढची सगळी वर्षं या अंतरावर काढायची असतात.

विकत घेण्याआधी एक करा. एपीएस-सी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची झूम लेन्स घरात असेलच. तिचं कडं २४ वर आणून चिकटपट्टीने घट्ट करा आणि आठवडाभर तेवढ्यावरच काढा: चांभाराचं दुकान, शिंप्याचं मशीन, घरी ओट्यापाशी आई. पुढच्या आठवड्यात पट्टी काढून ३५ वर लावा आणि त्याच माणसांकडे पुन्हा जा. मग दोन्ही आठवड्यांचे फोटो शेजारी मांडून मोजा की किती फोटोंत अजून एक पाऊल मागे जायला हवं होतं आणि मागे भिंत होती, आणि किती फोटोंत पुढे जायला हवं होतं पण धीर झाला नाही. पहिला आकडा मोठा असेल तर ३५ सारखी घ्या. दुसरा असेल तर ५० सारखी.