घरचा सॉकेट की रस्त्यावरचा चार्जर : विद्युत मोटारीच्या खर्चाचा पडताळा

विद्युत मोटार विकत घेताना विक्री दालनात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'घरी चार्ज करा, किलोमीटरला एक रुपया पडेल.' महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती मीटरवर गाडी चार्ज करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बाबतीत हे वाक्य खरे ठरत नाही. घरचे चार्जिंग स्वस्त आणि बाहेरचे महाग, हा समजही सरसकट बरोबर नाही. हे परीक्षण या दोन्ही सोयींचे आहे. ज्या गाडीच्या आधारे ते केले आहे ती ३०.२ किलोवॉट-तास बॅटरीची टाटा नेक्सॉन ईव्ही असून, शहर आणि महामार्ग मिळून ती एका चार्जमध्ये साधारण २०० ते २२० किलोमीटर जाते. म्हणजे बॅटरीतल्या एका युनिटमागे (एका किलोवॉट-तासामागे) सुमारे सात किलोमीटर.

प्रथम घरचा हिशेब पाहू. गाडीसोबत मिळणारी वायर १५ अँपिअरच्या सॉकेटला जोडली की मीटरवर जितके युनिट पडतात तितके बॅटरीत पोचत नाहीत. प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर गाडीतला चार्जर करतो आणि त्या कामात दहा ते पंधरा टक्के वीज उष्णतेच्या रूपाने जाते. त्यामुळे मीटरवरच्या एका युनिटमागे सहा किलोमीटर धरणेच योग्य. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या पुढे १६ रुपये ६४ पैसे असा दर होता. त्यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तरी दुसऱ्या टप्प्यातले युनिट १३ रुपये २९ पैशांना, तिसऱ्यातले १८ रुपये २४ पैशांना आणि चौथ्यातले २० रुपये ६६ पैशांना पडते. दर बदलत राहतात, तेव्हा वाचकांनी आपल्या ताज्या बिलातले आकडे घालून हा हिशेब पुन्हा करावा. त्याची रीत मात्र हीच राहील.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. घरातले दिवे, पंखे, फ्रिज आणि पाण्याचा पंप यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच संपवलेले असतात; गाडीच्या वाट्याला येतात ते वरचे, महाग युनिट. बिलाची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागून 'सरासरी दर' काढणारे आणि त्यावरून गाडीचा खर्च सांगणारे लोक हीच बाब नजरेआड करतात. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला मीटरवर साधारण १६७ युनिट लागतात. घराचा वापर २०० युनिट असेल तर गाडीचे १०० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेले तिसऱ्यात जाऊन सुमारे २,५५० रुपये होतात, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. हेच घर उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रामुळे ४०० युनिटांवर गेले की गाडीचा खर्च ३,२०० रुपयांवर पोचतो.

आता बाहेरचा हिशेब. सार्वजनिक डीसी (गाडीला थेट एकदिश वीज देणाऱ्या) फास्ट चार्जरवर पुण्या-मुंबईच्या परिसरात आणि महामार्गांवर युनिटमागे साधारण १८ ते २५ रुपये घेतले जातात. कंपनीनुसार, चार्जरच्या क्षमतेनुसार आणि कधी कधी वेळेनुसार हा दर बदलतो, आणि अॅपवर दिसणाऱ्या दरात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे की नाही हे प्रत्येक वेळी तपासावे लागते, कारण १८ रुपयांचा दर कर लागताच २१ रुपये २४ पैसे होतो. परंतु बहुतेक डीसी चार्जर गाडीत प्रत्यक्ष गेलेले युनिट मोजतात. रूपांतरातला तोटा चार्जिंग कंपनीच्या गळ्यात पडतो, ग्राहकाच्या नव्हे. म्हणून येथे युनिटमागे सात किलोमीटर धरता येतात. करासह २२ रुपये दराने १,००० किलोमीटरचे सुमारे ३,१५० रुपये होतात. वर सांगितलेल्या उन्हाळ्यातल्या घराशी तुलना करून पाहा: घरच्या वायरने केलेले चार्जिंग आणि चौकातल्या फास्ट चार्जरवरचे चार्जिंग जवळजवळ एकाच किमतीला पडले. शंभरीपार गेलेल्या पेट्रोलवर लिटरमागे १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला किलोमीटरला सात रुपये लागतात, त्या मानाने दोन्ही खर्च निम्म्याहून कमी आहेत. पण एक रुपयाचे आश्वासन दोन्हींपैकी एकही पाळत नाही.

ते आश्वासन निदान काही अंशी खरे करणारा मार्ग आहे तो स्वतंत्र मीटरचा, आणि माझ्या मते या साऱ्या विषयात ग्राहकाने सर्वाधिक लक्ष द्यावे असा हाच भाग आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१८ मध्ये विद्युत वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग निर्माण केला. त्यात घरगुती मीटरसारखे चढते टप्पे नाहीत, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या वापरावर सवलत देण्याची पद्धतही तेव्हा त्यासोबत आली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार ग्राहकाला दिला आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी ठरवली. सारे आकार मिळून युनिट नऊ रुपयांना पडते असे धरले तरी १,००० किलोमीटरला दीड हजार रुपये पुरतात. इतका फरक असूनही ही जोडणी घेणारे लोक माझ्या पाहण्यात फारच थोडे आहेत. घरगुती मीटरवर मात्र रात्री चार्ज केल्याने आपोआप काही वाचत नाही. उलट २०२५ पासून टीओडी मीटर (वापराच्या वेळेनुसार दर लावणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत मिळते ती सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर, तेव्हा ज्यांची गाडी दिवसा घरीच उभी असते त्यांनी दुपारी वायर लावणे अधिक फायद्याचे.

सहकारी गृहसंस्थेत राहणाऱ्यांची अडचण निराळी असते. पार्किंगमध्ये मीटर आणायचा तर ना हरकत प्रमाणपत्र, वायरिंगचा मार्ग, अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढताच वीज तोडणारा स्विच) यांची जुळवाजुळव करावी लागते. काही संस्था सामाईक मीटरवरून सॉकेट देतात आणि वापरलेल्या युनिटांचे पैसे सभासदाकडून घेतात. ही सोय तात्पुरती चांगली, पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांनी तो मीटर वरच्या टप्प्यात नेलेला असल्याने तिथले युनिट बहुधा सर्वांत महाग असते. सुमारे सात किलोवॉटचा वॉल-बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवण्याची घाईही करू नये. १५ अँपिअरच्या सॉकेटवर रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात, आणि रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालणाऱ्या गाडीला रात्रीचे अडीच-तीन तासच पुरतात. मोठ्या चार्जरसाठी मंजूर भार वाढवावा लागतो, आणि त्यासाठी थ्री-फेज जोडणी घेतली तर स्थिर आकार तिपटीहून अधिक होतो.

सार्वजनिक चार्जिंगची खरी परीक्षा महामार्गावर होते. पुणे ते कोल्हापूर हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर या गाडीला वाटेत एकदा थांबल्याशिवाय झेपत नाही. खंबाटकीचा चढ आणि ताशी ९०-१०० चा वेग यांमुळे युनिटमागचे किलोमीटर सातावरून साडेपाचापर्यंत उतरतात, म्हणजे त्याच २२ रुपयांच्या दराने किलोमीटरला चार रुपये पडतात. सातारा-कराडच्या पट्ट्यात थांबणे सोयीचे. दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत यायला तासभर लागतो आणि ऐंशीच्या पुढे वेग इतका मंदावतो की तिथे गन (चार्जरची जोडणी) काढून मागच्या गाडीला जागा देणे हेच शहाणपणाचे व सौजन्याचे. दर परवडतो, पण सेवेचा भरवसा अजून पुरेसा नाही. अॅपवर सुरू दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद असणे, दोन गन असलेल्या यंत्रावर दुसरी गाडी लागताच वेग निम्मा होणे, प्रत्येक कंपनीच्या वॉलेटमध्ये वेगळे पैसे अडकून पडणे, हे सारे मी अनुभवले आहे. त्यामुळे पुढच्या स्टेशनपर्यंत पुरेल इतकी बॅटरी राखूनच थांबावे.

छतावर सौर पॅनेल असलेल्यांचे गणित या सर्वांपेक्षा वेगळे आणि उत्तम आहे. तीन किलोवॉटचा संच महिन्याला साधारण ३५० युनिट देतो, त्यासाठी पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, आणि नेट मीटरिंगमुळे (छतावर तयार झालेली वीज वापरातून वजा करण्याच्या पद्धतीमुळे) नेमके वरचे महाग टप्पेच बिलातून वजा होतात. बंगला किंवा रो-हाउस असणाऱ्याने गाडीच्या आधी संचाची चौकशी करावी.

ज्याला स्वतःची पार्किंगची जागाच नाही, जो जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहून गाडी रस्त्यावर लावतो, त्याला मात्र यांपैकी घरचा एकही पर्याय खुला नाही. तो पूर्णपणे सार्वजनिक चार्जरवर अवलंबून आहे. घरच्या विजेवर जीएसटी नाही, विद्युत मोटारीवर तो पाच टक्के आहे, आणि त्याच मोटारीच्या सार्वजनिक चार्जिंगवर, ते 'सेवा' ठरल्यामुळे, अठरा टक्के आहे. हा करही पाच टक्क्यांवर आणला तर १८ रुपयांच्या मूळ दराचे युनिट २१ रुपये २४ पैशांऐवजी १८ रुपये ९० पैशांना मिळेल, आणि हा दिलासा ज्याच्याकडे दुसरा मार्गच नाही त्या ग्राहकाला सर्वाधिक मिळेल. ग्राहक संघटनांनी ही मागणी जीएसटी परिषदेपर्यंत नेटाने पोचवली पाहिजे.