ग्रॅनाडा हिल्स चार्टर की लांबचं मॅग्नेट?

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत मूल आठवीत गेलं की आपल्या लोकांत हायस्कूल कोणतं, हा विषय निघतोच: व्हॅलीतलीच ग्रॅनाडा हिल्स चार्टर, की लांबचं एखादं मॅग्नेट? आमच्याकडे दोन्ही अनुभव आहेत. थोरली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मॅग्नेटमधून शिकली, म्हणजे ठरावीक विषयावर भर देणाऱ्या आणि शहरभरातून मुलं घेणाऱ्या शाळेतून. धाकटा ग्रॅनाडा हिल्स चार्टरमध्ये आहे; चार्टर म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराने चालणारी शाळा. दोन्ही सरकारीच, फी कुठेच नाही.

मॅग्नेटचं कौतुक आधी करतो. मुलं मोजकी, शिक्षक प्रत्येकाला नावानिशी ओळखणारे. आमची लेक अबोल, पण तिथे वर्गात हात वर करायला शिकली. प्रवेशाचं गणित मात्र किचकट. नंबर लागला नाही तर पुढच्या अर्जात उपयोगी पडणारे वेटिंग लिस्टचे वर्षाला ४ पॉइंट, जास्तीत जास्त १२. त्यासाठी काही पालक दोन-तीन वर्षं आधीपासून अर्ज भरत बसतात.

ग्रॅनाडा हिल्स ही मुळात एलएयूएसडीची (लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टची) साधी हायस्कूल, २००३ मध्ये स्वतंत्र चार्टर झाली. नववी ते बारावीत साडेचार हजारांवर मुलं. आकडा ऐकून पालक बिचकतात, मला मात्र शाळेचं बळ त्यातच दिसतं. एपी आहे, आयबी आहे (दोन्ही हायस्कूलमधले कॉलेजच्या तोडीचे अभ्यासक्रम), आणि एखाद्या आडवळणाच्या विषयालाही वर्ग भरेल इतकी मुलं मिळतात. अकॅडेमिक डेकॅथलॉन या शाळांमधल्या अभ्यासाच्या सांघिक स्पर्धेचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी २०११, २०१२ आणि २०१३ असं ओळीने पटकावलं. त्या स्पर्धेत संघ नऊ जणांचा असतो: तीन ए सरासरीचे, तीन बी आणि तीन सी. नुसत्या हुशार मुलांवर तिथे भागत नाही. सी मिळवणाऱ्या पोराकडूनही स्पर्धेतले दहाही प्रकार घोटून घ्यावे लागतात. ज्या शाळेला हे जमतं तिथे मधल्या फळीतलं मूल वाऱ्यावर सुटत नसावं, असं मला वाटतं.

तरीही आमच्यापुरता निकाल लावला तो बसने. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे हायस्कूल आता साडेआठच्या आधी भरत नाही, पण मॅग्नेटची बस त्याच्या कितीतरी आधी स्टॉपवर यायची. हिवाळ्यात लेक अंधारातच निघायची, डब्यातला पराठा बसमध्येच खायची. रोबोटिक्ससाठी थांबली की परतीची बस गेलेली असायची. मग आमच्यापैकी कोणीतरी ४०५ फ्रीवेवरच्या संध्याकाळच्या गर्दीत. त्याहून जास्त खुपलं ते मैत्रिणींचं. एक शहराच्या दक्षिण टोकाला सॅन पेद्रोला, एक उत्तर टोकाला सिल्मारला. शनिवारी प्रोजेक्टला भेटायचं तर आधी आई-बाबांचे फोन, मग गाड्यांची जुळवाजुळव. चार वर्षांत तिला कोणाकडे सहज चालत जाता आलं नाही. धाकट्याचे मित्र मात्र सायकलवरून येतात, फ्रिज उघडतात, माझ्या समोरच बसून केमिस्ट्रीवर भांडतात.

तुमचं मूल फारच बुजरं असेल किंवा त्याला एकाच विषयाचं वेड असेल, तर मॅग्नेट कदाचित बरं पडेल. इतक्या मोठ्या शाळेत कौन्सेलरकडे स्वतःहून जाणारं मूल हवं, हेही खरं. पण घर अजून घ्यायचं असेल, तर पत्ता बघूनच सही करा. चार्टर झाली तरी शाळेच्या जुन्या हद्दीतल्या मुलांना प्राधान्य मिळतं, उरलेल्या जागांसाठी लॉटरी निघते. आम्ही भाड्याचं घर बदललं ते याचसाठी, आणि पुन्हा ठरवायची वेळ आली तर थोरलीसाठीही हेच करू.